वाळणारी कामं आधी : शनिवार-रविवारचा माझा क्रम

सुट्टीच्या दोन दिवसांत कामं उरकायची म्हटली की बरेच जण लहानसहान कामांना आधी हात घालतात. मला ते पटत नाही. मी सुरुवात करते ती वाट पाहायला लावणाऱ्या कामांपासून. रंग वाळायला, सिमेंट धरायला, सिलिकॉन घट्ट व्हायला जो वेळ लागतो तो लागतोच, आपण कितीही घाई केली तरी. म्हणून ही कामं शनिवारी सकाळीच सुरू करायची आणि त्यांच्या वाळण्याच्या वेळात बाकीचं घर आवरायचं.

सामान मात्र शुक्रवारी रात्रीच काढून ठेवा. रंगाचा डबा नुसता हलवून बघू नका, झाकण उघडून काडीने तळापर्यंत ढवळून बघा. पॉलिश पेपर, प्रायमर, टर्पेंटाइन, नळाचे वॉशर, जुनी फडकी हे सगळं एका बादलीत जमवा. शनिवारी मधेच दुकान गाठावं लागलं की सकाळ गेलीच म्हणून समजा.

पहिलं काम गंजलेलं फाटक. गंज सगळ्यात जास्त कुठे असतो ते आधी वाकून बघा. तो खालच्या आडव्या पट्टीच्या वर, उभे गज जिथे तिला जोडलेले असतात त्या कोपऱ्यांत असतो, कारण पावसाचं पाणी तिथेच साचतं. रंगाला फुगवटा आला असेल तर नखाने दाबून बघा; खाली पोकळ लागलं तर तेवढा रंग पूर्ण काढावा लागेल. तारेच्या ब्रशने पापुद्रे पाडा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी १२० नंबरचा. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवाच. घर फार जुनं असेल तर रंगात शिसं असू शकतं. तो रंग कोरडा खरवडू नका, जाणकाराला दाखवा. घासून झालं की टर्पेंटाइनच्या फडक्याने धूळ पुसून घ्या आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा. उघडं लोखंड रात्रभर दवात राहिलं तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस थर दिसतो आणि घासण्याची सगळी मेहनत वाया जाते. मला ते फार जिवावर येतं, म्हणून एका सकाळी प्रायमर लावून होईल तेवढाच भाग मी घासायला घेते.

अंगणातल्या फरशीच्या भेगाही त्याच सकाळी भरा. भेग आधी ओली करा, नाहीतर जुना भाग नव्या मालातलं पाणी शोषून घेतो. सिमेंट वाळून कडक होत नाही, पाण्याशी क्रिया होऊन कडक होतं. म्हणून धरल्यावर त्यावर ओलं पोतं टाका आणि पुढचे निदान ७ दिवस ते ओलं ठेवा.

आता प्रायमर वाळेपर्यंत घरात. वरून खाली हा एकच नियम: आधी जळमटं, मग पंखे, मग कपाटांवरची धूळ, शेवटी फरशी. पंख्याच्या पात्यावर जुनी उशीची खोळ चढवून ओढली की धूळ खोळीतच राहते. गळक्या नळाचा वॉशर याच वेळात बदलून टाका. खालचा अँगल कॉक, म्हणजे नळाचं पाणी बंद करणारी छोटी तोटी, बंद करायचा आणि नळ उघडून उरलेलं पाणी काढून टाकायचं, मगच पाना लावायचा.

क्षारांनी भरलेल्या शॉवरवर व्हिनेगरची पिशवी रबराने बांधून अर्धा-एक तास ठेवा. जास्त ठेवलं तर चकाकीचा मुलामा खराब होऊ शकतो. आणि हे कळकळीने सांगते: व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, एकापाठोपाठ एक ओतूही नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

कुंड्या बदलायच्या त्या ऊन उतरल्यावर. आदल्या रात्री झाडाला पाणी दिलेलं असलं की मुळांचा गोळा अख्खा निघतो. नवी कुंडी जुनीपेक्षा थोडीच मोठी घ्या. बेसिनच्या कडेचं सिलिकॉन रात्री सगळ्यांचं आवरल्यावर भरा. त्यानंतर २४ तास तिथे पाणी नको, म्हणून रविवारी दुसरं बेसिन वापरायचं हे घरात आधीच सांगून ठेवा.

रविवारी सकाळी आधी पन्हळ साफ करा, नाहीतर तिथला चिखल ताज्या रंगावर पडतो. शिडी भिंतीला टेकवताना दर ४ फूट उंचीला पाया १ फूट बाहेर हवा, आणि खाली धरायला माणूस हवाच.

दव पूर्ण उडाल्यावर फाटक रंगवायला घ्या, पण कडक उन्हात नको. आधी कोपरे आणि सांधे, मग सपाट भाग, आणि रंगाचा हात पातळ. जाड थराचे ओघळ येतात आणि आतून ओलसरपणा राहतो. दुसरा हात कधी द्यायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं. त्या दिवशी जमत नसेल तर पुढच्या शनिवारी द्या. ब्रश मात्र लगेच टर्पेंटाइनमध्ये धुऊन लटकवून ठेवा. ऑइल पेंटची किंवा जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. बाहेर एकेक मोकळी पसरून पूर्ण वाळवा, मगच टाकून द्या.