वस्तीतली स्मार्ट ग्रिड तपासायची कशी: सुरुवात डीपीपासून

नवे मीटर बसले, चार गच्च्यांवर सोलर चढलं, म्हणजे वस्तीतली ग्रिड, म्हणजे वीजपुरवठ्याची यंत्रणा, सुधारली असं होत नाही. तपासणीचं एकक घर न धरता डीपी धरा, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरची सगळी घरं. वर्षभराचा डेटा घ्या. एप्रिल-मे आणि डिसेंबर त्यात हवेतच. आपल्याकडे मराठवाड्यात उन्हाळ्यात कूलर चोवीस तास चालतो, त्यामुळे मेचं बिल जानेवारीशी ताडून "मीटर जोरात पळतं" म्हणणं चूक. मेची तुलना मागच्या मेशीच करा. तरी शंका उरली, तर शेजारी चेक मीटर, म्हणजे पडताळणीसाठीचं दुसरं मीटर, बसवून घ्या.

आधी गळती मोजा, म्हणजे डीपीवरून निघाली पण घरांच्या मीटरवर न दिसलेली वीज. डीपी मीटरच्या रीडिंगमधल्या फरकाला सीटीच्या (मोठा करंट मीटरसाठी लहान करून देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या) गुणकाने गुणा. सीटी 200/5 असेल आणि मीटर त्या गुणोत्तराने आधीच आकडा देत नसेल, तर गुणक 40. म्हणजे 240 चा फरक हे प्रत्यक्षात 9,600 युनिट. घरांच्या मीटरची बेरीज 8,350 आली, तर गळती 1,250 युनिट, साधारण 13 टक्के.

इथे दोन चुका हमखास होतात. घरांची रीडिंग आठवडाभरात टप्प्याटप्प्याने घेतली, तर आकडा निरर्थक ठरतो. स्मार्ट मीटरचं मध्यरात्रीचं रीडिंग सगळ्यांचं एकाच क्षणाचं असतं, तेच वापरा. दुसरी चूक सोलरची. घेतलेली वीज म्हणजे आयात, सोलरमधून ग्रिडला दिलेली म्हणजे निर्यात. डीपीची आयात अधिक घरांची निर्यात, यातून घरांची आयात आणि डीपीवरून उलटी गेलेली वीज वजा करा. ही जुळणी सोडली की गळती उणे दिसते.

मग भार. 100 केव्हीए क्षमतेच्या डीपीचा पूर्ण भार प्रत्येक फेजला साधारण 133 अँपिअर, 63 केव्हीएचा 84. संध्याकाळी 7 ते 11 मध्ये वायरमनकडून तिन्ही फेज आणि न्यूट्रलचा करंट क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवायच्या मीटरने) मोजून घ्या. स्वतः डीपीला हात लावू नका. एक फेज 120 वर आणि दुसरी 50 वर असेल, तर मोठी डीपी मागण्याआधी घरं फेजवर नीट वाटून घ्या. तापलेला न्यूट्रलचा जोड आधी दुरुस्त करा. तो सुटला की काही घरांत 230 च्या जागी 350-400 व्होल्ट शिरतात.

आकाश निरभ्र आणि तरीही दुपारी 11 ते 2 सोलरच्या आलेखात दात पडलेले दिसले, तर लाइनच्या टोकाचं व्होल्टेज बघा. जास्त व्होल्टेजला सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. त्यावर उपाय म्हणजे मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंत जाड केबल, फेजची फेरवाटणी, आणि सप्लाय बंद करून डीपीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) बदलणं. लोडशेडिंगमध्ये बॅटरीविना सोलर बंदच राहतं, हे घरमालकाला आधीच सांगा.

पैशाचा हिशेब सरासरी दराने करू नका. सोलर आधी वरच्या स्लॅबमधली युनिटं वाचवतं, स्थिर आकार मात्र तसाच राहतो. 3 किलोवॉटचं वार्षिक सरासरी उत्पादन रोज 12 युनिटांच्या आसपास धरा. केंद्राच्या सूर्यघर योजनेचं 78,000 रुपये अनुदान खर्चातून वजा करा आणि परतफेडीची वर्षं काढा. टीओडी, म्हणजे वेळेनुसार दराची, सवलत सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर आहे. एक एचपीची पाण्याची मोटर रोज तासभर त्या वेळेत नेली, तासाला साधारण एक युनिट आणि युनिटला सवलत 80 पैसे धरली, तर महिन्याला 24 रुपये वाचतात. यात डीपीवरची संध्याकाळची गर्दी कमी होणं हा फायदा मोठा.

पण मोटर दुपारी लावणार कशी? छत्रपती संभाजीनगरात काय, लातुरात काय, नळाला पाणी ज्या वेळी येईल त्याच वेळी ती लागते. म्हणून प्रत्येक गल्लीचं पाण्याचं वेळापत्रक भाराच्या आलेखावर मांडा. हलवता येईल असा भार किती, हे त्यावरूनच ठरवा. आमच्या मते मराठवाड्यातल्या कुठल्याही तपासणीत हा कागद नसेल, तर ती अपुरी आहे.

भाडेकरूंकडे वेगळं जा. लातूरच्या शिकवण्यांच्या भागात एका मीटरवर सहा-सात खोल्या असतात. मालक सबमीटरवर (खोलीला स्वतः लावलेल्या मीटरवर) ठरावीक दराने पैसे घेतो, मग सवलत तिथे राहणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचतच नाही. "मीटर आवडलं का?" असं विचारू नका, तीन बिलं मागून घ्या, युनिटचा दर कोण ठरवतं ते विचारा. सवलतीसाठी दुपारी हलवलेली कामं कोणाच्या वाट्याला आली हे घरातल्या बाईलाच विचारा, तिचं उत्तर वेगळ्या रकान्यात लिहा.