कारखान्याचा कार्बन हिशेब वाचताना

उत्पादन कंपनीच्या हवामानविषयक वचनांचे मूल्यमापन करायला नव्याने बसलेला माणूस अहवालात सहसा ‘नेट झिरो’चे, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे, वर्ष आधी शोधतो. मी मात्र अहवाल परिशिष्टापासून वाचतो, कारण कंपनीने नेमके काय मोजले आणि काय वगळले, हे तिथल्या बारीक अक्षरांतच कळते.

पहिला प्रश्न सीमेचा. २००१ साली आलेल्या आणि २००४ मध्ये सुधारलेल्या ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या जागतिक नियमावलीनुसार कंपनी आपला हिशेब भागभांडवलाच्या प्रमाणात मांडू शकते किंवा नियंत्रणाच्या आधारे. ज्या संयुक्त प्रकल्पात कंपनीचा ४९ टक्के वाटा आहे, पण चालवणारा दुसरा कोणी आहे, त्याचे थेट उत्सर्जन पहिल्या पद्धतीत ४९ टक्के धरले जाते आणि परिचालन नियंत्रणाच्या (प्रकल्प कोण चालवतो ते पाहणाऱ्या) पद्धतीत स्कोप १ मधून, म्हणजे कंपनीच्या थेट उत्सर्जनाच्या हिशेबातून, पूर्ण बाहेर पडते. दोन्ही पद्धती नियमात बसतात; म्हणूनच पद्धत न पाहता दोन कंपन्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो.

स्कोप १ मध्ये इंधनाचा हिशेब सोपा असतो: एक लिटर डिझेल जाळले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. खरी परीक्षा प्रक्रियेतून होणाऱ्या उत्सर्जनाची आहे. सिमेंटच्या भट्टीत १०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचे पूर्ण विघटन झाले, तर ४४ किलो कार्बन डायऑक्साइड त्या दगडातूनच निघतो, मग भट्टी कोणत्याही इंधनावर चालो. त्यामुळे ‘आम्ही स्वच्छ इंधनाकडे वळलो’ एवढ्यावर सिमेंट कंपनीला पैकीच्या पैकी गुण देऊ नयेत. शीतकरण यंत्रांतील गळती तर हमखास निसटते. ती पकडायची असेल तर देखभाल विभागाची नोंदवही मागावी: जुन्या चिलरमध्ये वर्षभरात जितके किलो रेफ्रिजरंट (थंडावा देणारा वायू) पुन्हा भरले, साधारण तितकेच हवेत गेले असे धरता येते, आणि त्यांतले अनेक वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ घडवतात.

स्कोप २ म्हणजे मुख्यतः विकत घेतलेली वीज. याच प्रोटोकॉलच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार तिचे दोन आकडे द्यावे लागतात: एक स्थानिक ग्रिडच्या सरासरीवरून आणि दुसरा कंपनीच्या वीज करारांवरून व हरित विजेच्या प्रमाणपत्रांवरून. मुखपृष्ठाजवळ नेहमी दुसराच झळकतो. पहिला आकडा जागचा हलला नसेल आणि दुसरा शून्यावर आला असेल, तर कारखान्याचा वीजवापर कमी झालेला नाही, प्रमाणपत्रे वाढली आहेत, असा माझा प्राथमिक निष्कर्ष असतो.

स्कोप ३ मध्ये, म्हणजे पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतच्या बाकी अप्रत्यक्ष उत्सर्जनात, १५ प्रकार आहेत. सगळे सारख्याच बारकाईने तपासत बसू नये. पंप किंवा इंजिने बनवणाऱ्या कंपनीत ‘विकलेल्या उत्पादनांचा वापर’ हा एकच प्रकार बहुधा बाकी सगळ्यांना झाकोळून टाकतो. तोच गाळून कर्मचाऱ्यांच्या प्रवासाचा तक्ता सविस्तर दिला असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

यानंतर उद्दिष्टे. प्रति टन उत्पादनामागचे उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटले आणि उत्पादन दुप्पट झाले, तर एकूण उत्सर्जन ४० टक्क्यांनी वाढते. वातावरणाला एकूण आकडाच कळतो. आधारवर्षही, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करून घट मोजतात तेही, पाहावे, कारण असाधारण उत्पादनाचे वर्ष निवडले की पुढची घट आपोआप दिसते. एखादा विभाग विकल्यावर आधारवर्षाचा आकडा सुधारला नसेल, तर ती घट विक्रीची आहे. तापमानवाढीच्या १.५ अंशांच्या मर्यादेशी सुसंगत म्हणून, कंपन्यांची हवामान उद्दिष्टे तपासणाऱ्या सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्हने आधारवर्षाच्या तुलनेत वर्षाला ४.२ टक्के निरपेक्ष घट हा जो वेग रूढ केला, तो कसोटी म्हणून उपयोगी पडतो. त्यांच्या नियमांत विकत घेतलेले कार्बन क्रेडिट (दुसरीकडे झालेल्या उत्सर्जन घटीचे श्रेय) ही घट मानली जात नाही, त्यामुळे क्रेडिट बाजूला ठेवूनच हिशेब पाहावा.

शेवटी मी भांडवली खर्चाचा तक्ता उघडतो. नेट झिरोचे वचन देणारी कंपनी यंदाच कोळशावरचा नवा बॉयलर बसवत असेल, तर तो किती वर्षे चालवणार आणि मुदतीआधी बंद करण्याची तरतूद कुठे दाखवली आहे, हे दोन प्रश्न मी लेखी विचारतो.