कोन उचलले तेव्हा पासिंग सुरू झालं

कोल्हापुरात पोरांना फुटबॉलची गोडी लावावी लागत नाही. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघतच ती मोठी होतात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून माझ्याकडं तरी आईवडील स्वतःहून पोरं आणून सोडतात. त्यामुळं नव्या कोचला पोरं मिळतात. चुकतं ते पुढं. माझी त्यात दोन वर्षं गेली.

माझी टीम १२ वर्षांखालची. वन-टू, म्हणजे पास देऊन पळायचं आणि चेंडू परत घ्यायचा, हे शिकवायला मी मोबाइलवर बघून कोन (प्लास्टिकचे शंकू) मांडायचो. पहिल्या कोनवरचा पास देणार, दुसऱ्यावरचा एका टचमध्ये परत लावणार, पहिला पळत जाऊन घेणार. महिनाभरात इतकी सफाई आली की येणारे-जाणारे थांबून बघायचे. मग मॅच झाली. आमच्या राइट हाफसमोर एकच डिफेंडर होता. त्यानं मान वर न करता चेंडू मारला तो थेट टचलाइनबाहेर. हाफटाइमला विचारलं, "कुणाला दिलास रे?"

रडवेला होऊन म्हणाला, "सर, तिथं कोन असतोय की."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मी शिकवलं तेच त्यानं केलं होतं.

हे नीट समजून घ्या. वन-टू दोघांचा वाटतो, पण तो तिघांचा आहे, आणि तिसरा डिफेंडर. पास कधी सोडायचा हे तोच ठरवतो. तो लांब असताना दिलात तर मागं सरकून परतीचा रस्ता अडवतो. फार जवळ येऊ दिलात तर चेंडू काढून घेतो. तो अंगावर यायला निघाला, वजन पुढच्या पायावर आलं, की त्याच क्षणी पास, आणि देणाऱ्यानं त्याच्या पाठीमागून पळत सुटायचं. भिंत झालेल्या, म्हणजे चेंडू परत लावणाऱ्या पोरानं चेंडू येण्याआधीच मान वळवून बघायचं आणि परतीचा पास पळणाऱ्याच्या पायात न देता पुढच्या मोकळ्या जागेत टाकायचा. कोन अंगावर येत नाही. मग पोराला तो क्षण दिसणार कुठून? "नुसता उभा राहा, चेंडू काढू नको" असं सांगून ठेवलेला डिफेंडरही माझ्या मते कोनच.

मला हे तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळलेल्या एका म्हाताऱ्या अण्णांनी दाखवलं. कट्ट्यावरून एवढंच म्हणाले, "ह्यांना अडवतंय कोण?" वर्षभर व्हिडिओ बघण्यापेक्षा असा एक माणूस मैदानाकडेला बसवा.

आता पंधरा पावलं लांब, दहा पावलं रुंद चौकोन आखतो. दोघं विरुद्ध एक, आणि डिफेंडरला चेंडू काढायची पूर्ण मुभा. नंतर रोंडो, म्हणजे चौघं भोवतीनं उभे राहून चेंडू फिरवणार आणि मधला एक तो काढायला बघणार. "एकच टच" ही सक्ती करू नका. पोरं घाबरून चेंडू नुसता ढकलतात. बघायला लागली की टच आपोआप कमी होतात.

आठ-नऊ वर्षांच्या पोरांना तर यात ओढूच नका. त्यांना ड्रिबल करू द्या.

पहिले पाच-सहा आठवडे सगळा गोंधळ दिसेल. पालक विचारतील, आधीचं किती छान चाललं होतं. घाबरू नका, तो गोंधळ म्हणजेच शिकणं. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचतं, चेंडू चिखलात रुततो, तेव्हा हा सराव चक्क सोडून द्या. पोरांच्या चुकांचा हिशोब चिखलात मांडू नये.

परवा तोच राइट हाफ चेंडू घेऊन निघाला. भिंतीला उभा राहिलेला पोरगा हात वर करून चेंडू मागत होता. डिफेंडर आधीच त्याच्याकडं सरकला. आमच्या पठ्ठ्यानं मान वर केली, पास दिलाच नाही, मोकळ्या बाजूनं सरळ आत घुसला. मी शिट्टी तोंडाला लावली होती, ती तशीच खाली घेतली.