अपर बाउंड, लोअर बाउंड: या चुका टाळा

आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या मुलांची शिकवणी घेताना माझं लाल पेन सगळ्यात जास्त याच धड्यावर झिजतं. राउंड केलेल्या (जवळच्या आकड्यात बसवलेल्या) मापाची खरी किंमत ज्या दोन टोकांमध्ये असू शकते, त्यातलं वरचं टोक अपर बाउंड, खालचं लोअर बाउंड.

डोक्यात जाणारी चूक एकच: ‘मोठ्यात मोठं उत्तर हवंय ना सर, मग सगळीकडे अपर बाउंड टाकायचा!’ बेरीज-गुणाकारात हे खपून जातं, वजाबाकी-भागाकारात तोंडावर आपटतं. समजा अंतर १५० किमी (जवळच्या १० किमीपर्यंत) आणि वेळ २.५ तास (एका दशांश स्थळापर्यंत). सरासरी वेग जास्तीत जास्त हवा तर अंतर मोठं घ्यायचं, वेळ मात्र लहान: १५५ ÷ २.४५, म्हणजे ताशी ६३.३ किमी. मुलं २.५५ ने भागतात आणि ६०.८ लिहून मोकळी होतात. खरा पल्ला ५६.९ ते ६३.३, यांचा येतो ५९.२ ते ६०.८. चुकीचं उत्तर जास्त नेमकं दिसतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

मुलांना कशाला हसू? स्वयंपाकघरातला फ्रिजचा कोनाडा मी स्वतः टेपने जवळच्या सेंमीपर्यंत मोजला होता, ७२ सेंमी. फ्रिज ७१ चा. ‘एक सेंमी सुटतोय, चला!’ फ्रिज अर्ध्यात अडकला, दोन टाइल्स खरवडल्या, आणि घरात गणिताच्या मास्तरांचं व्हायचं ते कौतुक झालं. कोनाडा ७१.५ इतका अरुंद असू शकतो आणि फ्रिज जवळजवळ ७१.५ इतका रुंद. फट शून्य ते दोन सेंमी, काहीही.

तेव्हापासून प्रत्येक मापाखाली दोन्ही मर्यादा लिहिल्याशिवाय मी कॅल्क्युलेटरला हात लावत नाही. मुलांना याचा कंटाळा येतो. येऊ दे.

८.४ (एका दशांश स्थळापर्यंत) चा अपर बाउंड ८.४९ नाही, ८.४४९ही नाही, ८.४५. ‘पण सर, ८.४५ चे तर ८.५ होतात!’ होतात. ते कुंपण आहे, कुंपणावर बसायचं नाही, पण कुंपण तिथंच आहे.

जवळच्या १० पर्यंत म्हणजे अलीकडे-पलीकडे ५, १० नव्हे.

मधल्या पायरीत आकडे छाटू नका.

वय राउंड होत नाही: १२ वर्षांचा मुलगा तेराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीही १२ चाच.

माणसं मोजताना मात्र २५० (जवळच्या १० पर्यंत) म्हणजे २४५ ते २५४. २५४.९ वं माणूस पंगतीला बसलेलं मी अजून पाहिलेलं नाही.