सेटलमेंटवर सही करण्याआधीची तयारी

अमेरिकेत अपघात झाला आणि हॉस्पिटलचं बिल आरोग्य विम्याने भरलं, तरी विषय संपला असं धरू नका. सातबाऱ्यावर बोजा चढावा तसा हॉस्पिटल तुमच्या भरपाईवर लिएन, म्हणजे आपल्या बिलापोटीचा हक्क, चढवू शकतं. मग समोरच्या ड्रायव्हरच्या विमा कंपनीकडून सेटलमेंटचे, म्हणजे तडजोडीचे, येणारे पैसे तिथेच अडकतात.

सगळ्यात आधी आपल्या आरोग्य विमा कंपनीकडून ईओबी (एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स, म्हणजे बिलाचा हिशेब सांगणारं पत्रक) मागवा. हॉस्पिटलने लावलेली रक्कम, हॉस्पिटल आणि विमा कंपनीतल्या करारामुळे कमी झालेली, कंपनीने भरलेली आणि तुमच्या वाट्याची, हे आकडे त्यात वेगवेगळे दिसतात. माझ्या मते इतर सगळ्या कागदांहून हा मोलाचा. हॉस्पिटल नेटवर्कमधलं, म्हणजे विमा कंपनीशी असा करार असलेलं, असेल तर कमी झालेली रक्कम सहसा पेशंटकडून मागता येत नाही. लिएन मात्र पुष्कळदा नेमका त्याच फरकासाठी लावलेला असतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पार्नेल खटल्यात सांगितलं, की विमा कंपनीचे पैसे हॉस्पिटलने पूर्ण फेड म्हणून स्वीकारले असतील, तर पेशंटकडे देणं उरत नाही, आणि देणंच नाही तर लिएनही नाही. विमा कंपनीशी केलेल्या करारात हॉस्पिटलने हा फरक वसूल करण्याचा हक्क राखून ठेवला असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून त्या कराराची विचारणा लेखी करा.

सोबत बाबवार बिल आणि लिएनच्या नोटिशीची प्रत हवी. राज्याचा कायदा बघून ठेवा, कारण सगळीकडे नियम सारखे नाहीत: टेक्सासमध्ये अपघातानंतर ७२ तासांत दाखल झालेल्यांनाच हा लिएन लागतो आणि तो काउंटी (म्हणजे जिल्ह्याच्या) क्लर्ककडे नोंदवावा लागतो; इलिनॉयमध्ये सगळे वैद्यकीय लिएन मिळून भरपाईच्या ४० टक्क्यांपुढे जाऊ शकत नाहीत.

तुमची आरोग्य विमा कंपनी स्वतः भरलेले पैसे परत मागू शकते. तो दावा निराळा, त्याची फाइलही निराळी ठेवा.

भेटीला आलेल्या आईबाबांना अपघात झाला असेल, तर ते भारतात परतण्याआधी हॉस्पिटलला तुमच्याशी बोलण्याची परवानगी देणाऱ्या फॉर्मवर त्यांची सही घ्या. नाहीतर बिलिंग विभाग तुम्हाला काहीही सांगायला नकार देईल.

शेवटी सेटलमेंटचा मसुदा वकिलाला दाखवा. ‘सर्व लिएन फेडण्याची जबाबदारी दावेदाराची’ असं कलम त्यात बहुतेक असतंच. त्यामुळे हॉस्पिटलकडून लिएन सोडल्याचं लेखी पत्र हातात आल्यावरच सही करा, आणि लिएन काउंटीत नोंदवला असेल तर तो उतरवल्याची नोंदही तिथूनच मागून घ्या.