आउटबोर्डची इग्निशन कॉइल आणि प्लग वायर बदलताना

गंगापूर धरणावरच्या बोटीचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन) पावसाळ्यानंतर मिसिंग करू लागलं, तर आधी प्लग बदलून बघा, कॉइल (प्लगला स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग) नंतर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, वायरिंगचा फोटो घ्या. वायरींना सिलिंडरचे नंबर लावा. अदलाबदल झाली तर बॅकफायर ठरलेलं. प्लगची टोपी पिळत काढा, वायर ओढू नका.

कॉइलखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा. बऱ्याच इंजिनांत अर्थ (अर्थिंग) तिथूनच मिळतो. गंज राहिला तर नवी कोरी कॉइलही धड स्पार्क देत नाही. टोपीत थोडं डायलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारं, ओलावा रोखणारं ग्रीस) लावा, वायर फिरत्या फ्लायव्हीलपासून (इंजिनच्या जड चाकापासून) लांब बांधा. स्पार्क बघताना वायर मोकळी सोडू नका, स्पार्क टेस्टरने अर्थ करा. नाहीतर सीडीआय (स्पार्क सोडणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जळू शकतं.