पिकअपचे मागचे पाटे बदलताना

चिरे उतरवून रिकामा परतणारा पिकअप मागून उडत असेल, तर गॅरेजात बहुधा एकच उपाय सुचवतात: एक पाटा (लीफ स्प्रिंगची पट्टी) वाढवा. वजन पेलायला ते ठीक. आरामासाठी अगदी उलट. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ८ मिमीऐवजी १० मिमीचा पाटा घातला, तर तो जवळजवळ दुप्पट ताठर होतो. शिवाय पाटे जितके जास्त, तितकं घर्षण जास्त. त्यात किनाऱ्यावरची खारी हवा आणि पावसाळा. गंज धरलेले पाटे एकमेकांवर सरकतच नाहीत.

आधी टायरची हवा बघा. भरल्या गाडीची हवा ठेवून रिकामी गाडी चालवली तर नवे पाटेही आपटणारच. मग शॉकअप गळतोय का, बुश (पाट्याच्या टोकांच्या डोळ्यातले रबरी नळे) फुटलेत का ते तपासा. एवढं ठीक असूनही त्रास असेल, तर आपल्या मॉडेलचा, मूळ भारक्षमतेचा पॅराबोलिक संच घ्या. त्यात पाटे कमी, टोकांकडे निमुळते, आणि मध्ये फट असते, म्हणून घर्षण नगण्य. जुन्या संचातला एखादा पाटा काढून टाकणं स्वस्त पडतं, पण उरलेल्यांवर ताण येऊन ते तुटतात. दोन्ही बाजूंचे पाटे एकदमच बदला. सोबत नवे यू-बोल्ट (संच एक्सलला बांधणारे), सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) आणि बुश घ्या. यू-बोल्ट एकदा आवळला की ताणला जातो, तो पुन्हा वापरू नये.

आदल्या दिवशी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्हीकडे मोजून लिहून ठेवा. पुढच्या चाकांना अडणी लावा, चेसिस स्टँडवर घ्या आणि एक्सलखाली वेगळा जॅक द्या. एका वेळी एकच बाजू खोला, नाहीतर एक्सल फिरतो. बुशमध्ये गंजून बसलेला शॅकलचा (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचा) बोल्ट इथे हमखास छळतो. तो कापून काढा. डिझेलची टाकी जवळ असताना गॅस पेटवू नका.

नवा संच आधी पुढच्या हँगरला (चेसिसवरच्या पक्क्या आधाराला), मग शॅकलला लावा. बोल्ट हातानेच फिरवा. जॅक हलकेच वर-खाली करून सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसवा. ते बसलं नाही तर एक्सल तिरका राहतो, गाडी एका बाजूला ओढते. यू-बोल्टचे नट तिरक्या क्रमाने, थोडेथोडे, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत आवळा. हँगर-शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच. अधांतरी आवळले तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

उंची पुन्हा मोजा. ती बदलली असेल आणि एक्सलला जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह (वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) असेल, तर तो पुन्हा सेट करून घ्याच. नाहीतर मागचे ब्रेक कमी-जास्त लागतात. ब्रेकचा पाइप ताणलेला नाही ना, तेही बघा. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळा.

पावसाआधी पाट्यांवर वापरलेलं इंजिन ऑइल फासायची पद्धत सोडा, त्याने बुशचं रबर फुगतं. मासळी वाहणाऱ्यांनी बर्फाचं खारं पाणी रोज गोड्या पाण्याने धुवावं.